पावतीवरची एक ओळ: फायर ब्रिगेडसाठी वर्गणी गोळा करण्याआधी

गणपती उठले की दहा-पंधरा दिवसांनी आमच्या मंडळाची हिशेबाची बैठक भरते. जागा ठरलेली, जुन्या वाड्याची ओसरी. चहा ठरलेला, आणि मंडपवाल्याच्या बिलावरून होणारं भांडणही ठरलेलं. यंदा भांडण आटोपल्यावरही बऱ्यापैकी शिल्लक उरली आणि एका पोट्ट्याने विषय काढला. मे महिन्यात आमच्या गल्लीत एका घरी गॅसची नळी पेटली होती. बंब आला, फायरमननी काम उरकलं आणि कुणी पाणी विचारायच्या आत ते निघूनही गेले. "त्यांच्यासाठी काही करू ना बापा यंदा," पोट्टा म्हणाला.

मग काय, सूचनाच सूचना. शाल-श्रीफळ. वॉटर कूलर. ट्रॅकसूट. "एखादी मोठी शिडीच देऊन टाकू, मंडळाचं नाव टाकता येते त्यावर." एकाने तर बसल्या जागी क्यूआर कोडचं पोस्टर करायला घेतलं. शिल्लक कमी पडली तर वस्तीत वर्गणी करू, म्हणाला. मी खजिनदार. "काका, तुम्ही जरा चौकशी करून घ्या" एवढं एक वाक्य इतिवृत्तात आलं आणि माझे दोन महिने त्यात गेले. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते इथे सांगतो. असा विचार करणारं आमचं एकच मंडळ नसणार.

कर भरतो, मग वर्गणी कशाला?

पहिला प्रश्न माझ्या बायकोने विचारला आणि तो अगदी रास्त होता. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या कारभाराकडे सोपवायच्या कामांची ती यादी, आणि तिच्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. म्हणजे हे काम महानगरपालिकेचं. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार बांधकाम करणाऱ्यांकडून अग्निसेवा शुल्कही घेतलं जातं. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. तिच्यात ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं सोडली तर बाकीच्यांनी आपल्या खिशातून २५ टक्के घालायचे आहेत. पैशाचे झरे आहेतच.

पण सरकारी पैशाचा एक स्वभाव असतो. गाडी घ्यायची तर ती भांडवली खर्चात बसते, निविदा निघते, हार घालून नारळ फोडता येतो, फोटो छापून येतो. त्याच गाडीतल्या मास्कचं रबर बदलणं, हवेच्या सिलिंडरची चाचणी, धुराने माखलेला सूट धुणं, हे सगळं चालू खर्चात. रक्कम लहान, कटकट मोठी, आणि नारळ कुणी फोडत नाही. वर्गणीला खरं काम आहे ते या फटीत. दुर्दैवाने वर्गणी देणाऱ्याचाही स्वभाव तोच. त्यालाही शिडीच द्यायची असते, नाव टाकता येईल अशी.

माझं मत विचाराल तर बंब, पाणी, पगार आणि प्रत्येकाला किमान एक धड सूट ही पालिकेचीच जबाबदारी. तिथे नागरिकांनी पैसे ओतले तर पुढच्या अंदाजपत्रकात त्या रकान्यावर काट मारायला निमित्त मिळतं. द्यायचं ते या किमान गरजेच्या वर काहीतरी.

दोन हजार लिटर हवा

हे सगळं कागदावरचं. मी एका दुपारी आमच्या जवळच्या अग्निशमन केंद्रात गेलो. आपल्या नागपुरात गंजीपेठ, लकडगंज, कॉटन मार्केट, सक्करदरा अशी केंद्रं आहेत. बाजारपेठा वाढल्या तशी आगीची जागाही ठरत गेली. लकडगंजात लाकडाच्या टाला, कळमन्याला मिरचीचा बाजार. मिरचीच्या ढिगाला आग लागली की काय धूर होतो ते नाक असणाऱ्या कुणालाही सांगावं लागू नये.

तिथल्या एका लीडिंग फायरमनला मी विचारलं, भाऊ, सगळ्यात कामाची वस्तू कोणती? मला वाटलं, तो गाडीकडे बोट दाखवेल. त्याने कपाटातून पाठीवरचं एक सिलिंडर काढलं. "बीए सेट काका. हे घालून पाहा."

बीए म्हणजे श्वासोच्छ्वासाचं उपकरण. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, मध्ये नळी. दहा-बारा किलोचं ओझं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नाही. आपण घेतो तीच साधी हवा, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि ३०० बार दाबाने कोंबलेली. नेहमीचं सिलिंडर ६.८ लिटरचं. ६.८ गुणिले ३००, म्हणजे ढोबळमानाने २,००० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर लागते असं धरलं तर पन्नास मिनिटं. पण हा हिशेब कागदावरचा. जिना चढून, होज म्हणजे पाण्याची जाड नळी ओढत, काळ्याकुट्ट खोलीत माणूस शोधताना तोच फायरमन मिनिटाला ७०-८० लिटर हवा ओढतो. मग पन्नासची पंचवीस होतात. त्यातही परतीची वाट राखून ठेवायची असते. दाब ५०-५५ बारपर्यंत उतरला की सेटवरची शिट्टी वाजायला लागते. ती वाजेपर्यंत माणूस दाराशी यायला हवा, वाजल्यावर निघायचं नव्हे, असं त्याने दोनदा बजावलं, जणू मीच उद्या आत जाणार होतो.

मग त्याने मला मास्क चढवला, पट्टे ओढले आणि नळीच्या तोंडावर तळहात दाबला. मी श्वास ओढला तर मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा होता. चिकटला नाही. कानशिलाजवळून हवा शिरत होती. "दाढी काका," तो हसला. आठवड्याची खुंटं. मास्कमध्ये बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवलेला असतो, म्हणजे फट राहिलीच तर आतली हवा बाहेर जावी, धूर आत येऊ नये. पण फट असली की सिलिंडर भराभर रिकामं होतं. गुळगुळीत दाढी हा तिथे शिस्तीचा विषय आहेच, पण त्याहून तो हवेच्या हिशेबाचा विषय आहे.

आता यात वर्गणीचा संबंध कुठे? एका बऱ्या सेटची किंमत लाखाच्या आगेमागे जाते. समजा आपण पाच सेट दिले, फोटो काढला. पुढे? सिलिंडर पुन्हा भरायला खास कॉम्प्रेसर लागतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधली हवा चालत नाही, तिच्यात तेलाची वाफ आणि ओल असते. त्या कॉम्प्रेसरची गाळणी बदलावी लागते. ठरावीक वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते, आणि कार्बनच्या धाग्यांच्या बहुतेक सिलिंडरांचं आयुष्यच १५ वर्षांचं ठरवलेलं असतं. पाच सेट देणं म्हणजे पाच म्हशी देण्यासारखं आहे. वैरणीची सोय कुणी करायची ते आधी ठरलेलं बरं.

निघताना मी विचारलं, आमच्या गल्लीसाठी काही सांगायचं आहे का? तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, "मंडप जरा आखूड घाला काका. गणपतीच्या दहा दिवसांत तुमच्या गल्लीत गाडी वळत नाही." याला वर्गणी लागत नव्हती. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा ओसरीवर जी शांतता पसरली ती मंडपवाल्याच्या बिलाच्या वेळीही कधी पसरली नव्हती.

धुण्याचं मशीन कुणाला द्यायचंय?

आगीत घालायचा सूट तीन थरांचा असतो. वरचा थर पेट न घेणाऱ्या अरामिड धाग्यांचा, मधला पाणी अडवणारा, आतला उष्णता रोखणारा. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून केलेली ही रचना आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे आपण कूलरसमोरून उठायला तयार नसतो, तिथे ही माणसं तीन थर चढवून पाठीवर सिलिंडर घेतात.

सूट वाचवतो, हे खरं. पण आग विझल्यावर तोच सूट त्रासही देतो. आजच्या घरातली आग लाकडाची कमी आणि फोम, प्लास्टिक, रंग, वायर यांची जास्त असते. त्या धुरातली काजळी कापडात मुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामाला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाला कारण ठरतं याचा पुरेसा पुरावा ज्यांच्याबद्दल आहे अशांच्या गटात. तंबाखूचा धूरही याच गटात आहे. दोन्हींचा धोका सारखाच असा याचा अर्थ होत नाही. धोका आहे याची खात्री सारखीच, इतकाच होतो.

म्हणून आगीवरून आल्यावर सूट धुवायला हवा. धुवायचा तर तो वाळेपर्यंत घालायला दुसरा हवा. घरच्या मशीनमध्ये मुलांच्या कपड्यांबरोबर तर तो घालायचाच नाही. म्हणजे हवं काय? प्रत्येकी दुसरा सूट, मोठं धुण्याचं मशीन, सावलीत वाळवायची सोय. मी बैठकीत हे मांडलं. एक ज्येष्ठ सभासद कळवळून म्हणाले, "अहो, धुण्याच्या मशीनवर मंडळाचं नाव टाकायचं?"

मी म्हटलं, टाकू की, झाकणावर.

अमेरिकेतला भाचा

चौकशीच्या काळात घरोघरी असतो तसा एक भाचा निघाला. आमच्या उपाध्यक्षांचा. तिकडचं कुठलंसं अग्निशमन केंद्र जुनं सामान काढतंय, होज आणि सूट, फुकट मिळतील, फक्त पाठवायचा खर्च. सगळे खूश. इथे तीन अडचणी येतात आणि तिन्ही जाणून घेण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण आट्यांची. आपल्याकडे पाण्याचा होज दुसऱ्या होजला किंवा गाडीच्या पंपाला जोडायला ६३ मिलिमीटरचं कपलिंग असतं, दाबलं की खट्‌कन बसणारं. ही ब्रिटिशांकडून आलेली पद्धत. अमेरिकेतही साधारण याच मापाचा, अडीच इंची होज असतो, पण तिथे कपलिंगला आटे असतात, फिरवून बसवायचे. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. आग लागलेली असताना होजची दोन टोकं हातात धरून उभं राहायची वेळ कुणावर आणायची?

दुसरी अडचण वयाची. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे तयार झाल्यापासून १० वर्षांनी सूट बाद करायचा असतो. फुकट मिळणारे सूट बहुधा याच उंबरठ्यावरचे. जुना कोट दान करावा तसा हा प्रकार नाही. शिवण उसवली की तिथूनच भाजतं.

तिसरी अडचण कायद्याची. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून पाठवलेला पैसा ही परदेशी देणगी धरली जात नाही. पण तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर त्याचे पैसे आणि त्याने संस्थेला पाठवलेल्या वस्तूसुद्धा २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली येतात. त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमच्या मंडळाचं खातं सहकारी बँकेत आहे आणि पासबुकावर अजून हाताने सही होते. भाच्याला कळवलं, आलास की भेट, संत्रा बर्फी घेऊन जा.

शिकवण्याची किंमत

प्रशिक्षणाच्या बाबतीत नागपूर म्हणजे माहेरच. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर इथे घडतात. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालयही इथेच उभं राहिलं. असं असताना प्रशिक्षणासाठी वर्गणीची गरज काय?

भरतीच्या वेळचं शिक्षण एकदा होतं. पण हात गंजतात. दोरावरून उतरणं, धुराने भरलेल्या खोलीत आंधळेपणाने शोध घेणं, बुडणाऱ्याला बाहेर काढणं, छाती दाबून श्वास परत आणणं, हे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा केलं नाही तर ऐनवेळी आठवत नाही. आणि काम आता आगीपुरतं राहिलेलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना छपरांवरून आणि पहिल्या मजल्यांवरून उतरवायला आपत्ती दलांच्या जोडीने अग्निशमनाचीच माणसं होती. संक्रांतीला नायलॉन मांजात लटकलेली घार सोडवायला कुणाला फोन करतो आपण? आजूबाजूला स्फोटकांचे कारखाने आहेत. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला लागलेली आग विझवताना अग्निशमनाचे जवान गेले. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. प्रत्येक प्रसंगाला वेगळं कौशल्य लागतं.

प्रशिक्षणाचा मोठा खर्च फीचा नसतो. चार जण आठवडाभर शिकायला गेले की पाळीतली चार माणसं कमी होतात. ती भरून काढणं वर्गणीच्या आवाक्यातलं नाही, ते पालिकेनेच करायचं. आपण काय देऊ शकतो? सरावाचे दोर आणि हार्नेस. छाती दाबायच्या सरावाचा पुतळा. बाहेरून प्रशिक्षक आणून केंद्रातच घेतलेली दोन दिवसांची शिबिरं, म्हणजे पाळी मोडत नाही. आणि एक, जे मागायला कुणी धजत नाही: जळालेलं लेकरू हातात घेऊन बाहेर आलेल्या माणसाला नंतर कुणाशी तरी बोलायची सोय.

हे शेवटचं मला सुचलेलं नाही. ते ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यात वाचलं.

पाच कोटी डॉलर आणि एक कलम

२०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातली जंगलं महिनोन्‌महिने जळत होती. सेलेस्ट बार्बर नावाच्या तिथल्या विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर मदत मागितली. लक्ष्य होतं ३०,००० डॉलरचं. जमले ५ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. जगभरातून लोकांनी दिले. कुणाच्या डोळ्यांसमोर भाजलेले कोआला होते, कुणाच्या घरं जळालेली कुटुंबं, कुणाच्या शेजारच्या राज्यातले जवान. जमा मात्र झाले एकाच खात्यात: न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्रामीण अग्निशमन सेवेच्या देणगी निधीत, कारण आवाहन करताना तेच नाव टाकलं होतं.

त्या निधीचा एक न्यासलेख होता, ट्रस्ट डीड. त्यात हेतू लिहिलेला: दलांसाठी साधनं व सुविधा घेणं, त्यांची देखभाल, प्रशिक्षण, संसाधनं आणि दलांचा प्रशासकीय खर्च. एवढंच. बार्बर यांची इच्छा होती की थोडे इतर संस्थांना, प्राण्यांना, होरपळलेल्या लोकांना द्यावेत. विश्वस्त न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही देता येणार. दात्यांच्या आणि मागणाऱ्याच्या मनात काहीही असलं तरी पैसा लेखात लिहिलेल्या हेतूनेच जाईल. पण त्याच शब्दांच्या चौकटीत न्यायालयाने काही वाटा मोकळ्या असल्याचंही सांगितलं: कामावर जखमी झालेल्या जवानांना आणि मेलेल्यांच्या कुटुंबांना आधार, स्वयंसेवकांच्या कौशल्य वाढवणाऱ्या अभ्यासक्रमांचा खर्च, शारीरिक-मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण आणि साधनं, आणि आघातानंतरचं समुपदेशन.

मी हे वाचलं आणि आमचं गणपतीचं पावतीपुस्तक काढून पाहिलं. हेतूच्या जागी छापलं होतं, 'गणेशोत्सव'. म्हणजे ज्या शिल्लकीतून आम्ही शिडी द्यायला निघालो होतो ती मुळात गणपतीसाठी मागितलेली. ज्या म्हातारीने एक्कावन्न रुपये दिले, तिने बाप्पाला दिले.

पैशाचे नियम, थोडक्यात

नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात. पण ती परवानगी त्या उत्सवापुरती असते, वर्षभर वाटेल त्या कारणासाठी डबा फिरवायची मुभा नव्हे. अग्निशमनासाठी मागायचं तर वेगळा अर्ज, वेगळा हिशेब. नाहीतर आधीच नोंदणी असलेल्या, आणि जिच्या घटनेत हा हेतू बसतो अशा न्यासामार्फत गोळा करायचं.

आयकरातल्या सवलतीबद्दल, ज्याला सगळे ८० जी म्हणतात, दोन गोष्टी बहुतेकांना ठाऊक नसतात. एक, नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळतच नाही. दोन, धर्मादाय कामासाठी थेट स्थानिक स्वराज्य संस्थेला, म्हणजे महानगरपालिकेला दिलेली देणगीही जुन्या प्रणालीत सवलतीला पात्र असते, ५० टक्के, उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. न्यासाला दिली तर नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकराच्या पोर्टलवरून काढलेलं प्रमाणपत्र मागून घ्या.

बुटीबोरी, हिंगण्याच्या कंपन्यांकडे जाणाऱ्यांसाठी: ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत आहे. कंपनीने स्वतःच्या कारखान्यातले फायर पंप बदलले तर ते यात धरता येत नाहीत. आणि घेतलेली मोठी वस्तू शेवटी सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीची करता येते, म्हणजे ती पालिकेच्या नावावर जाऊ शकते.

वस्तू देणार असाल तर आधी पालिका आयुक्तांच्या नावे पत्र आणि अग्निशमन विभागाकडून लेखी मागणी, मापं आणि मानकांसकट. दिल्यावर ती केंद्राच्या डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीवर, चढली का ते स्वतः जाऊन बघा. नोंदच नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचं बिल सरकारी पैशातून निघायचं कसं? ती मग कपाटात पडून राहते, आपल्या नावाच्या पाटीसकट.

आग विझल्यावर फायरमनच्या खिशात पाकीट कोंबायला जाऊ नका. भावना चांगली असते, पण तो सरकारी नोकर आहे आणि तुम्ही त्याला अडचणीत टाकता. आणि मोठी आग लागली की तासाभरात ग्रुपवर फिरणारा क्यूआर कोड दिसला तर खाते कुणाच्या नावावर आहे ते वाचा. व्यक्तीचं नाव असेल तर पुढे ढकलू नका, संस्थेचं असेल तर नोंदणी क्रमांक विचारा. खरी माणसं चिडत नाहीत.

छापखान्यात

आमचं ठरलं ते असं. गणपतीची शिल्लक गणपतीचीच राहिली. अग्निशमनासाठी वेगळी परवानगी, वेगळं खातं, वेगळं पावतीपुस्तक. वर्गणीला सुरुवात १४ एप्रिलला करू, असं कुणीतरी सुचवलं, कारण तो अग्निशमन दिन. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या आठवणीत देशभर आठवडा पाळतात. पण नागपुरात १४ एप्रिलला अख्खं शहर बाबासाहेबांच्या जयंतीत असतं, दीक्षाभूमी आणि संविधान चौकाकडे वाहत असतं. त्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा माणूस कुणाला घरी सापडणार? म्हणून १५ तारीख धरली. आठवडा २० पर्यंत असतोच.

राहिली हेतूची ओळ. पहिल्यांदा लिहिलं, 'अग्निशमन दलाच्या मदतीसाठी'. फारच सैल. मग 'साहित्य खरेदीसाठी'. मग धुण्याच्या मशीनचं काय, चाचणीचं काय? चार दिवस ती ओळ खोडत होतो. शेवटी झाली ती अशी: 'महानगरपालिकेच्या अग्निशमन दलासाठी संरक्षक साहित्याची खरेदी, चाचणी, धुलाई व देखभाल, तसेच जवानांचे प्रशिक्षण व मानसिक आरोग्य यांसाठी, रक्कम कमी वा जास्त जमल्यास ती याच कारणांसाठी वापरली जाईल.'

महाल भागातल्या छापखान्यात कागद दिला. छापखानेवाल्याने चष्मा वर केला, दोनदा वाचलं.

"काका, पावती छापून राहिले का सातबारा?"

बसत नव्हतं खरंच. अक्षर बारीक केलं तरी शेवटची ओळ सहीच्या जागेवर येत होती. वरच्या बाजूला पोट्ट्यांनी हौसेने लाल बंबाचं चित्र टाकायला सांगितलं होतं, शिडी उभारलेलं. मी म्हटलं, ते काढ. काढलं, मग बसलं.